शून्य धांवांत चार गडी

एखाद्याचा व्यापार बुडाला किंवा मुलगा परीक्षेंत सपशेल नापास झाला, कीं "त्याचें पानिपत झालें" असें आपण सहज बोलून जातों. पराभवाचें नांव अशा रीतीनें आपल्या रोजच्या बोलण्यांत रुळलें आहे. परंतु पराभव कां झाला, ह्या प्रश्नाला मात्र आपल्या बोलण्यांत तितकेंसें स्थान मिळत नाहीं. हरलेल्याला नांवें ठेवणें सोपें, हरण्याचीं कारणें शोधणें कठीण. आज मी श्रोत्यांपुढें अशाच एका पराभवाची हकीकत मांडणार आहे. हें पानिपत रणभूमीवरचें नव्हे, क्रीडांगणावरचें आहे. इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यांत हिंदुस्थानचा क्रिकेटसंघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि चार कसोटी सामन्यांपैकीं तीन हरून परत आला. चौथा वांचला तो पावसामुळें.

त्या उन्हाळ्याची खूण म्हणून एक धांवफलक प्रसिद्ध आहे. तारीख ७ जून १९५२, वार शनिवार, स्थळ लीड्स शहरांतील हेडिंग्लेचें मैदान. हिंदुस्थानचा दुसरा डाव सुरू झाला. फ्रेड ट्रूमन नांवाचा एक तरुण गोलंदाज आपल्या आयुष्यांतील पहिलाच कसोटी सामना खेळत होता, आणि तोहि आपल्याच यॉर्कशायर परगण्याच्या मैदानावर. त्याच्या जोडीला अलेक बेडसर हा मुरलेला गोलंदाज होता. पंकज रॉय शून्यावर बाद झाले, दत्ताजी गायकवाड शून्यावर बाद झाले, आणि मग माधव मंत्री व विजय मांजरेकर ह्या दोघांच्या यष्ट्या ट्रूमननें लागोपाठच्या दोन चेंडूंवर उडविल्या. डावाचे अवघे चौदा चेंडू टाकून झाले होते. फलकावर आंकडे लागले ते असे : धांवा शून्य, गडी बाद चार. कसोटी क्रिकेटमध्यें ह्याहून वाईट आरंभ कोणत्याहि डावाचा झाल्याची नोंद नाहीं.

हा संघ आपणांस परका नव्हता. कर्णधार विजय हजारे जन्मानें सांगलीचे. उपकर्णधार हेमू अधिकारी पुण्यास जन्मलेले, दत्तू फडकर कोल्हापूरचे, मंत्री नाशिकचे, मांजरेकर मुंबईचे, गायकवाड बडोद्याचे. संघाची यादी वाचावी तर सुमारें निम्मीं नांवें मराठी घरांतलीं. नांदेड आणि लातूर ह्या भागाचा तर आणखीहि एक धागा ह्या संघाशीं जुळतो. त्या वर्षीं मराठवाडा हैदराबाद राज्यांत होता. नांदेड हा त्या राज्याचा एक जिल्हा आणि लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. त्या राज्याची राजधानी असलेल्या हैदराबादचे फिरकी गोलंदाज गुलाम अहमद ह्याच संघांत होते. हेडिंग्लेच्या ह्याच सामन्यांत इंग्लंडच्या पहिल्या डावांत त्यांनीं शंभर धांवांत पांच गडी बाद केले होते. परंतु त्या पांच बळींची आठवण कोणी काढीत नाहीं. चार भोपळ्यांची मात्र सर्वजण काढतात.

प्रथम त्या मोसमाचा हिशेब पाहूं. हेडिंग्लेला इंग्लंडनें सात गडी राखून विजय मिळविला. लॉर्ड्सच्या दुसऱ्या सामन्यांत विनू मंकड यांनीं ७२ आणि १८४ धांवा काढल्या, आणि मधल्या काळांत ७३ षटकें टाकून पांच गडी बाद केले. एका माणसानें एका सामन्यांत ह्याहून अधिक काय करावयाचें? तरीहि तो सामना आठ गडी राखून इंग्लंडनेंच जिंकला. तिसरा सामना मँचेस्टरला. तेथें १९ जुलै रोजीं हिंदुस्थानचा संघ एकाच दिवसांत दोनदां बाद झाला : एकदां ५८ धांवांत, एकदां ८२ धांवांत. ट्रूमननें पहिल्या डावांत केवळ ३१ धांवा देऊन आठ बळी घेतले. एक डाव आणि २०७ धांवांनीं तो पराभव झाला. ओव्हलच्या चौथ्या सामन्यांत सहा धांवांत पांच गडी बाद झाले, सर्व डाव ९८ वर आटोपला, आणि पुढें पावसानें उरलेला खेळ धुऊन नेला.

आतां ह्या गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ह्याच मोसमाच्या अवघे चार महिने आधीं, १० फेब्रुवारी १९५२ रोजीं, मद्रासला हिंदुस्थाननें आपला पहिला कसोटी विजय मिळविला होता. १९३२ पासून सुरू झालेल्या कसोटी इतिहासांतील तो पहिला विजय, आणि तो इंग्लंडवरच, एक डाव आणि आठ धांवांनीं. मंकड यांनीं त्या सामन्यांत बारा बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनीं शतकें काढलीं. इंग्लंडच्या त्या संघांत हटन, कॉम्प्टन, बेडसर हे पहिल्या प्रतीचे खेळाडू नव्हते हें खरें. तथापि विजय तो विजयच. मग तेच रॉय इंग्लंडमध्यें कसोटीच्या सात डावांपैकीं पांचांत शून्यावर कां बाद झाले? त्याच उम्रीगरांनीं संबंध दौऱ्यांत, परगण्यांच्या संघांविरुद्ध वगैरे मिळून, १६८८ धांवा केल्या, पण कसोटीच्या सात डावांत मिळून अवघ्या ४३. चार महिन्यांत माणसाचें कौशल्य इतकें आटतें काय?

त्या वेळीं ह्या प्रश्नाचें एक झटपट उत्तर दिलें गेलें : "आमचे गडी भ्याले." जलद चेंडू येतांना पाहून कांहीं फलंदाज यष्टीसमोरून बाजूला सरकत, असें पाहणारांनीं लिहून ठेवलें आहे, आणि तें सर्वस्वीं खोटें आहे असें मीहि म्हणत नाहीं. परंतु भीति हें उत्तर पुरें पडत नाहीं. ज्या मांजरेकरांचा त्रिफळा शनिवारीं पहिल्याच झटक्यांत उडाला, त्याच मांजरेकरांनीं त्याच सामन्याच्या पहिल्या डावांत, तीन गडी ४२ धांवांत बाद झाले असतां, त्याच ट्रूमन-बेडसरांपुढें १३३ धांवा काढल्या होत्या. आणि त्यांचें वय होतें अवघें वीस वर्षांचें. त्यांनीं आणि हजारे यांनीं मिळून २२२ धांवांची भर घातली. दुसऱ्या डावांत चार गडी शून्यावर गेल्यानंतर आणि पांचवा २६ वर गेल्यानंतर हजारे आणि फडकर उभे राहिले, आणि त्यांनीं १०५ धांवांची भर घातली. ज्या संघांत हें घडतें तो संघ केवळ भित्र्यांचा कसा म्हणावा?

मग कारण काय? आपल्याकडे एक म्हण आहे : नाचतां येईना अंगण वाकडें. हरलेल्या खेळाडूनें खेळपट्टीला दोष दिला कीं ही म्हण त्याच्या तोंडावर मारतात. पण ह्या प्रकरणांत अंगण खरोखरच निराळें होतें, आणि तें कसें निराळें होतें हें पाहिल्यावांचून ह्या पराभवाचा उलगडा होत नाहीं.

घरचें अंगण कसें होतें? १९४८-४९ च्या रणजी मोसमांतील दोन गोष्टी सांगतों. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनीं नाबाद ४४३ धांवा काढल्या. पुढें मार्च १९४९ मध्यें पुण्यासच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. त्या एका सामन्यांत २३७६ धांवा निघाल्या आणि नऊ शतकें झालीं. महाराष्ट्रानें आपल्या दोन डावांत मिळून १०११ धांवा केल्या आणि तरीहि ३५४ धांवांनीं सामना गमावला! मुंबईकडून त्या सामन्यांत माधव मंत्री यांनीं २०० धांवा काढल्या आणि दत्तू फडकरांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. म्हणजे लीड्सला शून्यावर गेलेले मंत्री हे फळी धरतां न येणारे गृहस्थ नव्हते. द्विशतक काढलेले फलंदाज होते. मात्र तें द्विशतक ज्या जमिनीवर निघालें ती जमीन गोलंदाजाची वैरीण होती.

मराठवाड्यांतील श्रोत्यांना जमिनीचा स्वभाव निराळा समजावून सांगावयास नको. आपली काळी माती उन्हाळ्यांत घट्ट होऊन भेगाळते आणि पाऊस पडतांच फुगून चिकट होते. चैत्रांत ज्या वाटेवरून गाडी खडखडत जाते, त्याच वाटेवर आषाढांत चाक रुततें. खेळपट्टीहि मातीचीच असते. आपल्याकडे हिंवाळ्याच्या कोरड्या दिवसांत पाणी देऊन, रूळ फिरवून, गवत काढून ती सिमेंटासारखी टणक करीत. तिच्यावर चेंडू येतो तो सरळ, ठराविक उंचीचा, आणि फलंदाजाला वेळ देऊन. अनेक गांवांत तर टणक जमिनीवर काथ्याची मॅट अंथरून खेळत; तिच्यावरहि चेंडूच्या उसळीचा अंदाज एकदां आला कीं बहुधा चुकत नाहीं. इंग्लंडमध्यें मात्र खेळपट्टीवर हिरवें गवत, मातींत ओल, हवेंत दमटपणा. आणि त्या काळीं सामना चालू असतांना पाऊस आला तर खेळपट्टी आजच्यासारखी पूर्ण झांकून ठेवीत नसत. ओल्या खेळपट्टीवर ऊन पडलें कीं एक चेंडू घोट्याशीं राहतो, तर त्याच ठिकाणीं पडलेला दुसरा छातीपर्यंत उसळतो. चेंडूची शिवण गवतावर पडली कीं तो वळतो. दमट हवेंत तो हवेंतच वळण घेतो. घरच्या अंगणांत पाठ केलेला अंदाज तेथें उपयोगी पडत नाहीं.

त्यांत वेगाची भर घाला. ताशीं ९० मैल वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारें ४० मीटर जातो. गोलंदाजाच्या हातापासून फलंदाजाच्या फळीपर्यंतचें अंतर सुमारें १८ मीटर. म्हणजे चेंडू हातांतून सुटल्यावर फलंदाजापाशीं अर्धा सेकंदहि उरत नाहीं. एवढ्या वेळांत चेंडू कोठें पडणार हें ओळखावयाचें, पाय पुढें टाकावा कीं मागें घ्यावा हें ठरवावयाचें, आणि फळी योग्य जागीं न्यावयाची. हें काम विचाराचें नव्हे. तें संवयीचें आहे. तबल्यावर बोट पडतें तें विचार करून पडत नाहीं, वर्षांच्या रियाजानें पडतें. जलद गोलंदाजी खेळण्याची संवय लागावयास रोज जलद गोलंदाज समोर असावा लागतो. तो आपल्यापाशीं होता काय?

एके काळीं होता. १९३२ मध्यें लॉर्ड्सला हिंदुस्थाननें पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां महंमद निसार यांच्या वेगानें इंग्रजांचीच तारांबळ उडाली होती; पहिले तीन गडी १९ धांवांत गेले होते. त्यांचे जोडीदार अमरसिंग १९४० मध्यें अकालीं वारले. पुढें फाळणी झाली. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठीं निवडलेले फझल महमूद पाकिस्तानचे झाले. पंजाबच्या ज्या भागांतून जलद गोलंदाज येत, त्याचा मोठा भाग सीमेपलीकडे गेला. जे उरले ते मध्यम गतीचे किंवा फिरकीचे, आणि त्यांना मदत न करणाऱ्या खेळपट्ट्यांमुळें नवे जलद गोलंदाज होण्याची आशाहि मावळली. जेथें जलद गोलंदाज नाहींत तेथें जलद गोलंदाजी खेळणारे फलंदाज कोठून यावेत? हें एकमेकांत गुंतलेलें चक्र होतें.

आणखी एक कारण धंद्याचें आहे. इंग्लंडचे बहुतेक खेळाडू व्यावसायिक होते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज खेळणें हाच त्यांचा चरितार्थ. ह्याच मालिकेंत लेन हटन हा व्यावसायिक खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला. तोंवर तो मान हौशी, खानदानी खेळाडूंसाठीं राखून ठेवलेला असे. आपल्याकडे खेळाडूंचा आधार म्हणजे संस्थानिकांचे दरबार किंवा एखादी नोकरी. संस्थानें विलीन झालीं. १९४९ मध्यें बडोदें मुंबई प्रांतांत मिळालें. ज्या दरबारांनीं हजारे यांच्यासारख्यांना पदरीं ठेवलें होतें ते दरबार मावळले, आणि त्यांची जागा घेणारी दुसरी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. पोटासाठीं इंग्लंडमध्यें खेळावयास गेलेला एक मोठा खेळाडू होता : विनू मंकड. लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबानें त्यांना बोलाविलें होतें. दौऱ्यासाठीं माझी निवड होईल असा शब्द द्या, मग मी तें निमंत्रण सोडतों, असें त्यांनीं क्रिकेट मंडळाला कळविलें. शब्द मिळाला नाहीं. ते क्लबाकडे गेले, संघ त्यांच्यावांचून निघाला, आणि पहिला सामना हरल्यावर मग त्याच क्लबाची मनधरणी करून मंडळानें त्यांना कसोटीपुरतें मागून घेतलें. लॉर्ड्सचे ते ७२ आणि १८४ अशा मागून आणलेल्या खेळाडूचे आहेत. अंगण वाकडें होतें, हें खरें. पण घरांतला उत्तम नाचणारा बाहेर ठेवून त्या अंगणांत उतरणें, हा दोष अंगणाचा नव्हे.

आणि येथेंच हजारे यांचे आंकडे पाहावे. चार सामन्यांच्या सात डावांत त्यांनीं ३३३ धांवा केल्या, सरासरी ५५.५०. संघ कोसळत असतां हा शांत, मितभाषी मनुष्य दर वेळीं एका टोंकाला उभा होता. ह्याचें गूढ फार नाहीं. जानेवारी १९४८ मध्यें अ‍ॅडलेडला लिंडवॉल आणि मिलर ह्या त्या काळच्या अत्यंत वेगवान जोडीसमोर त्यांनीं एकाच कसोटींत ११६ आणि १४५ अशीं दोन शतकें काढलीं होतीं. जी परीक्षा इतर बहुतेकांना लीड्सला प्रथमच द्यावी लागली ती हजारे आधींच देऊन आले होते. अनुभवानें काय साधतें ह्याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

आतां थोडें प्रतिपक्षाकडे वळूं. इंग्लंड त्या वेळीं अजिंक्य होतें असें कोणास वाटत असेल तर तें खरें नाहीं. महायुद्धानंतर इंग्लंडनें ऑस्ट्रेलियाकडून तीन मालिका एकामागून एक गमावल्या होत्या. १४ ऑगस्ट १९४८ रोजीं ओव्हलला त्यांचा सबंध संघ ५२ धांवांत बाद झाला, आणि त्या ५२ पैकीं ३० एकट्या हटनच्या होत्या. लिंडवॉलच्या वेगापुढें आपले जोडीदार कसे पडले हें हटननें दुसऱ्या टोंकाकडून उघड्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. चार वर्षांनीं तो कर्णधार झाला, तेव्हां त्याच्या हातीं ट्रूमन होता. मालिकेंत ट्रूमननें २९ बळी घेतले. पुढल्याच वर्षीं, १९५३ मध्यें, इंग्लंडनें ऑस्ट्रेलियाकडून मालिका परत जिंकली. लीड्सला आपण ज्या वेगापुढें कोसळलों तो वेग इंग्लंडनें स्वतःच्या पराभवांतून शोधून काढलेला होता.

आपण आपल्या पराभवाचें काय केलें? त्याच वर्षीं ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या काळांत पाकिस्तानचा संघ आला आणि लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखालीं आपण ती मालिका दोन विरुद्ध एक अशी जिंकली. कर्णधारपद गेलेल्या हजारे यांनीं मुंबईला नाबाद १४६ धांवा काढल्या. आनंद योग्यच होता. पण घरच्या अंगणांतील त्या आनंदानें परक्या अंगणाचा धडा झांकून टाकला. सात वर्षांनीं, १९५९ मध्यें, आपला संघ पुन्हां इंग्लंडला गेला आणि पांचहि कसोट्या हरला. कर्णधार होते दत्ताजी गायकवाड, म्हणजे लीड्सच्या त्या चार शून्यांपैकीं एका शून्याचे धनी. इंग्लंडमध्यें पहिली मालिका जिंकावयास १९७१ उजाडावें लागलें; तेव्हां कर्णधार अजित वाडेकर होते, आणि विजय मुख्यतः फिरकीचा होता. आणि खुद्द लीड्सच्या मैदानाची परतफेड झाली ती जून १९८६ मध्यें. तेथें दिलीप वेंगसरकरांनीं ६१ आणि नाबाद १०२ धांवा काढल्या, आपल्या गोलंदाजांनीं त्याच ओलसर हवेचा उपयोग करून इंग्लंडला १०२ आणि १२८ धांवांत गुंडाळलें, आणि २७९ धांवांनीं सामना जिंकला. जो धडा लीड्सला मिळाला तो लीड्सलाच म्हणून दाखवावयास चौतीस वर्षें लागलीं.

श्रोतेहो, पराभवाकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक, फलकावरचें शून्य पाहून माणसाची किंमत करणें. दुसरी, तें शून्य कोठून आलें ह्याचा माग काढणें. पहिल्या रीतीनें मंत्री, मांजरेकर, गायकवाड, रॉय हीं चार नांवें जन्माचीं चेष्टेचा विषय होतात. वस्तुतः ह्यांतील एकानें द्विशतक काढलें होतें, एकानें दोनच दिवसांपूर्वी १३३ धांवा केल्या होत्या, एक पुढें देशाचा कर्णधार झाला, आणि रॉय यांनीं तर १९५६ मध्यें मंकड यांच्याबरोबर मद्रासला सलामीच्या जोडीची ४१३ धांवांची भागी केली. तो विक्रम बावन्न वर्षें अबाधित राहिला. शून्यावर बाद झालेलीं माणसें शून्य नव्हतीं. त्यांना ज्या परीक्षेस बसविलें तिचा अभ्यासक्रमच त्यांना कोणी शिकविला नव्हता. आपल्या घरांतूनहि मुलें अशा परीक्षांना बसत असतात. निकालाचा कागद हातीं आला कीं त्यावरचा आंकडा वाचण्यापूर्वी, ह्याला कोणत्या जमिनीवर खेळावयास शिकविलें आणि कोणत्या जमिनीवर उभें केलें, एवढा एक प्रश्न वडीलधाऱ्यांनीं स्वतःस विचारावा.